कोपरावर गुंडाळलेला तंगूस

तापीवरच्या बॅरेजची दारं खाली सोडली, की आमच्या गावात कोणी कोणाला सांगायला जात नाही. दसरा-दिवाळीच्या मधल्या एखाद्या सकाळी धुणं घेऊन घाटावर गेलेली बाई पायाने नेहमीची पायरी चाचपते आणि ती पायरी पाण्याखाली गेलेली असते. "पानी वनं वं!" एवढंच ती मागच्या बायकांना ओरडून सांगते. पावसाळाभर गढूळ, घाईत असलेली तापी त्या दिवसापासून थांबते. चार दिवसांत गाळ खाली बसतो, पाणी हिरवट दिसायला लागतं, आणि पलीकडच्या काठावरच्या पपईच्या बागा जरा लांब गेल्यासारख्या वाटतात.

यंदाही पाणी आलं. मी ओट्यावर वह्या तपासत बसले होते. शेजारीण सांगून गेली आणि माझा उजवा हात आपोआप वर उचलला गेला, तर्जनी जरा वाकवून, तिच्यावरून काहीतरी सरकत जाणार असल्यासारखी. हातातला लाल पेन तसाच. स्वतःचंच हसू आलं. त्या बोटाला अजून नानांचा "आते!" ऐकू येतो म्हणायचा.

नाना म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन दोन वर्षं होतील. ही आठवण मात्र त्याच्याही आधीच्या एका दिवाळीच्या सुट्टीची आहे. फार तर तीन आठवड्यांची. माझ्या संसाराला तेव्हा चौदा वर्षं झाली होती, पण सासऱ्यांशी माझी ओळख त्या तीन आठवड्यांत झाली असं मी सांगते, तेव्हा आमचे हे हसतात. हसू देत.

आधीची चौदा वर्षं आम्ही दोघं नुसते भांडलो. मी मुळात तापट. खापर गावच्या बाजारात वाढलेली पोर, आवाज खालच्या पट्टीत लागतच नाही. नाना माझ्याहून वरचढ. चहात साखर कमी का, टीव्हीचा आवाज मोठा का, शाळेतून यायला उशीर का, कशावरूनही ठिणगी पडायची. मला नावाने त्यांनी कधी हाक मारली नाही. "मास्तरीन" म्हणायचे, आणि त्या एका शब्दात टोमणा, तक्रार, सगळं बसवायचे.

त्यांचा जीव कशात असेल तर गळात. आमचं घराणं शेतकऱ्यांचं, सासूबाई माळकरी, म्हणून घरात मासा यायचा नाही. नानांनी त्यावर तोड काढली होती. गोठ्यामागे तीन दगडांची चूल, एक वेगळी काळी कढई, वेगळं मीठ-तिखट. मासा उंबऱ्याच्या आत कधी आला नाही आणि नानांच्या पोटात जायचा कधी राहिला नाही. सासूबाई गेल्यावरसुद्धा ती चूल त्यांनी आत आणली नाही. मी एकदा म्हटलं, आता कोण विचारणार आहे? तर माझ्याकडे असं बघितलं, की मी गुमान भांडी घासायला गेले.

त्या वर्षी श्रावणात नानांना लकवा मारला. डावी बाजू गेली. पंधरा दिवस शहाद्याच्या दवाखान्यात, मग घरी. बोलणं जड झालं, पण होतं. पाय ओढत का होईना, धरून उभं केलं तर टाकता यायचा. डावा हात मात्र खांद्यापासून लोंबता. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, "पहिल्या सहा महिन्यांत जे परत येईल ते येईल. चालवा, बसवा, काहीतरी करायला लावा. नुसते पडून राहिले तर आहे तेही जाईल."

आणि नाना नुसते पडून राहिले. व्यायामाचा रबरी चेंडू दिला, "ऱ्हाऊ दे." काठी पुढे केली, "ऱ्हाऊ दे." डाव्या हाताला तर त्यांनी वाळीतच टाकलं होतं. त्यावर कायम टॉवेल टाकून ठेवायचे. टॉवेल सरकला तर उजव्या हाताने पुन्हा ओढायचे आणि तोंड भिंतीकडे करायचे. ज्या माणसाच्या ओरडण्याला मी वैतागायचे, त्याच्या गप्प बसण्याने माझी झोप उडाली. सहातले तीन महिने तसेच गेले होते.

मग पाणी आलं. दिवाळीची सुट्टी लागलेली, आमचे हे लोणखेड्याच्या कॉलेजात प्रयोगशाळेत, ते सकाळी सातला जायचे. घरी मी आणि नाना. शेजारणीने "पानी वनं" म्हटलं आणि मी बघितलं, नानांनी भिंतीकडचं तोंड दाराकडे फिरवलं. बस, तेवढंच. पण तीन महिन्यांत तेवढंही झालं नव्हतं. मी उठले आणि गोठ्यातून त्यांचा पत्र्याचा डबा काढून आणला.

डब्यात गळ, शिशाचे गोळे आणि तंगूस. तंगूस म्हणजे ती नायलॉनची पारदर्शक दोरी, पतंगवाल्यांना आणि गळवाल्यांना सारखीच प्यारी. दोन्ही टोकांना खाचा पाडलेल्या एका फळीवर नानांनी तो गुंडाळून ठेवला होता. फळीवर धूळ, कोळिष्टकं, उंदराच्या लेंड्या. मला घाण दिसली की धीर धरवत नाही. मी सगळा तंगूस उलगडला, ओल्या फडक्यातून ओढून पुसला, आणि आमच्या माहेरी विहिरीच्या मोटारीचा दोर जसा आवरतात तसा पंजा आणि कोपर, पंजा आणि कोपर, असा घेत छान गोल वेटोळं केलं. मधे चिंधीची गाठ. स्वतःवर खूश होते मी. कपाशीवाल्याच्या घरात जन्मलेल्या कुठल्याही माणसाच्या हातात लांब काही द्या, तो ते कोपरावरच गुंडाळणार.

रविवारी यांनी मोटारसायकल काढली. पुढे हे, मधे नाना, मागे त्यांना कवटाळून मी. घाट घरापासून तीनशे पावलं, पण त्या दिवशी ती वरात सगळ्या गावाने बघितली. घाटावर नानांना पायरीवर टेकवलं. बायकांनी धुणं थांबवलं. नाना म्हणजे या काठावरचे नामांकित फेकणारे, त्यांचं शिसं कुठे पडणार हे बघायला माणसं थांबायची. पूर्वी त्यांच्या डाव्या हातात तंगुसाची वेटोळी सैल धरलेली असायची आणि उजवा हात झोका द्यायचा. आता वेटोळं मी धरलं.

त्यांनी शिसं दोनदा झुलवलं आणि सोडलं. पाच-सात हात गेलं असेल नसेल, माझ्या हातातून तंगुसाचा गोळाच्या गोळा उठला, हवेत स्वतःभोवतीच फिरला आणि शिसं हिसका खाऊन पायरीखालीच पडलं. असा गुंता, की टोक कुठलं आणि मधलं कुठलं कळेना. परत जरा सोडवून टाकलं. परत तेच. तिसऱ्यांदा गळ माझ्या साडीत.

कोणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं, मी त्यांना चार शब्द सुनावले असते. बायका माना खाली घालून पुन्हा धुणं आपटायला लागल्या. नानांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे. हाऊ बी गया."

हाही गेला. डावा गेला तो गेलाच, आता उजवाही.

त्यानंतर तीन दिवस ते उठून बसले नाहीत. भाकरी कुस्करून दुधात घालून भरवायला गेले तर ओठ मिटलेले. मी चिडले, ओरडले, मग मोरीत जाऊन रडले. यांना म्हटलं, मी हे काय करून बसले? हे म्हणाले, "तू कशाला मनाला लावून घेतेस? हातात जोरच राहिला नाही त्यांच्या." मलाही तसंच वाटत होतं.

चौथ्या दिवशी मी तो गुंता पिशवीत घालून जमनाबाईकडे गेले. जमनाबाई भोईण, चौकात मासे विकते आणि उरलेल्या वेळात दारात जाळं विणत बसते. वय साठीच्या पुढे, जिभेला हाड नाही. मला वाटलं, निदान तंगूस तरी सोडवून देईल. तिने पिशवीत हात घातला, गुंता बाहेर काढला, नुसता बोटांत धरून बघितला आणि विचारलं, "कोनी गुंडाळं हाई?"

"मी."

"कसं?"

मी पंजा आणि कोपर करून दाखवलं. जमनाबाईने कपाळावर हात मारला. "अवं मास्तरीनबाई! हाऊ गुंता फेकनाराना हातना नई शे. गुंडाळनाराना हातना शे!"

तिने तंगुसाचा वीतभर भाग मोकळा केला आणि दोन बोटं जवळ आणली. मधला तंगूस लगेच स्वतःभोवती वळला, जसा काही जिवंत. "देख. कोपरवर एक येढा घिदा, का एक पीळ बसस. शंभर येढा, शंभर पीळ. दोरले चालस. याले नई चाले."

मी तिच्या ओट्यावर बसले. जमनाबाई पुढे काय काय सांगत होती, मला निम्मंच ऐकू येत होतं. एक म्हातारा माणूस आपला उरलेला हातही गेला असं समजून तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडलाय, आणि तो हात ठणठणीत आहे. बिघडवलं मी. तेही स्वच्छतेच्या नादात!

"रडानं नंतर," जमनाबाई म्हणाली. "पयले याना पीळ काढ." तिने कात्री घेऊन गुंत्याचा भाग सरळ कापून टाकला. उरलेला माझ्या हातात दिला आणि उपाय सांगितला, इतका साधा की माझा विश्वास बसेना. गळ नाही, शिसं नाही, टोक मोकळं सोडायचं आणि पहाटेच्या दवात गवतावरून सगळा तंगूस मागे ओढत चालायचं. मागचं टोक मोकळं असलं की पीळ आपला आपण निघून जातो. वाहतं पाणी असलं तर पाण्यात सोडायचं, पण आता नदी थांबलेली.

घरी आले ती तडक नानांच्या खाटेजवळ. मी माफी मागायला फारशी सरावलेली नाही. शाळेत मुलांकडून मागून घ्यायची सवय. उभ्या उभ्याच म्हटलं, "नाना, तो गुंता माझा होता. तुमच्या हाताला काही झालेलं नाही. मी तंगूस कोपरावर गुंडाळला होता."

भिंतीकडे तोंड तसंच. मला वाटलं ऐकलंच नाही. मग पाठ हलायला लागली. मी घाबरले, पुढे जाऊन वाकून बघितलं, तर नाना हसत होते. अर्ध्या तोंडाने, लाळ गळत, डोळ्यांतून पाणी काढत.

"तुले काय तो मोटारना दोर वाटना?" ते म्हणाले.

श्रावणापासून एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. मी पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि म्हटलं, "हो वाटला. मग? आधी शिकवायचं होतं." त्यावर ते उजव्या हाताने खाटेची कड धरून, माझी मदत न घेता, उठून बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बांधावर होते. हरळीवर दव, पाय गारठलेले, मागे तंगूस ओढत या टोकापासून त्या टोकापर्यंत. कापूस वेचायला निघालेल्या बायका थांबल्या. "मास्तरीनबाई, काय वढी ऱ्हायनात?" मी म्हटलं, पीळ काढतेय. त्या एकमेकींकडे बघून पुढे गेल्या. त्यांच्या घरी त्या संध्याकाळी काय गप्पा झाल्या असतील त्या मी समजू शकते. पण चौथ्या फेरीला दोन बोटं जवळ आणली तर तंगूस नुसता खाली झुलला, वळला नाही. एवढा आनंद मला डी.एड.च्या निकालाला झाला नव्हता.

मग सुरू झाली नानांची शाळा. ते खाटेवर लोडाला टेकून बसलेले, मी अंगणात जमिनीवर. फळीवर तंगूस आठ आकड्यासारखा घ्यायचा, एक वेढा असा, दुसरा उलटा, म्हणजे एकाचा पीळ दुसरा काढतो. "उलटं." "परत." "नई, परत." घाटावर नेल्यावर बारदान भिजवून पसरायचं आणि त्यावर तंगूस मांडायचा, शिशाचं टोक सगळ्यात शेवटी, सगळ्यात वर. जे आधी जाणार ते वर. मी दोनदा शिशाचं टोक खाली ठेवलं. कोरडं बारदान घेतलं तर त्याच्या कुसांत तंगूस अडकला. पाचव्यांदा "परत" ऐकल्यावर मी बारदान उचलून आपटलं आणि म्हटलं, "मी उद्यापासून तुम्हाला पाढे म्हणायला लावते, बघू किती वेळा परत म्हणता!" नाना खूश. माझा पारा चढला की त्यांना तजेला यायचा. त्या दिवशी दोन भाकऱ्या खाल्ल्या त्यांनी.

आणि शेवटचा धडा बोटाचा. शिसं उडतं तेव्हा तंगूस त्याच्या मागे धावतो. शिसं पाण्यावर आपटून थांबतं, पण मागचा तंगूस काही थांबत नाही, तो येऊन त्याच्यावर साचतो आणि गुंततो. म्हणून पाण्याला शिवायच्या क्षणभर आधी बोटाने तंगूस हलकेच दाबायचा. फेकणारे नाना, बोट माझं. ते "आते!", म्हणजे 'आता', म्हणणार आणि मी दाबणार. अंगणात शिशाऐवजी चिंचेचा गोळा बांधून आम्ही दोघांनी किती वेळा ते केलं असेल! कधी माझं बोट लवकर, कधी उशिरा. माझ्या लक्षात आलं, की मी त्यांच्या शब्दाची वाट बघते तोवर उशीर होतो. शब्द येण्याआधी त्यांचा खांदा सैल पडतो, तो बघायचा. चौदा वर्षं एका घरात राहून मी या माणसाच्या खांद्याकडे कधी बघितलं नव्हतं.

मी शिक्षिका, तात्पर्य काढायची खोड जात नाही. त्यामुळे इथे थांबते. पण एक सांगायलाच हवं. वर्गात एखादं पोर अडलं, की हल्ली मी आधी स्वतःला विचारते, की बाई, हे तू कोपरावर तर गुंडाळलं नाहीस ना? दहातल्या सहा वेळा उत्तर हो असतं. हे शिकवल्याबद्दल मी नानांची आणि जमनाबाईची जन्मभर ऋणी आहे, आणि त्या लोंबत्या हाताचीसुद्धा, कारण तो धड असता तर नानांनी मला त्या डब्याला शिवू दिलं नसतं.

सुट्टी संपायला चार दिवस होते तेव्हा आम्ही पुन्हा घाटावर गेलो. या वेळी मोटारसायकल नाही. नाना म्हणाले, "पायी." तीनशे पावलांना अर्धा तास लागला. उजवा हात माझ्या खांद्यावर, डाव्यावर टॉवेल. वाटेत उसाच्या गाडीला वाट द्यायला उभे राहिलो, वाळत घातलेल्या मिरचीच्या खकाण्याने दोघंही खोकलो, बसलो, उठलो. घाटावर बायका होत्या. त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. जमनाबाई मात्र कमरेवर हात ठेवून सरळ बघत उभी राहिली.

मी बारदान भिजवलं, पसरलं, तंगूस मांडला. शिसं वर. पेंडीचा गोळा गळाला लावून दिला. आज गुंता झाला, तर या माणसाला परत उठवायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. नानांनी शिसं झुलवलं, एकदा, दोनदा. जोर लावलाच नाही, नुसता झोका दिला आणि सोडलं. बारदानावरून तंगूस एकेक वेढा उचलत गेला, सुळसुळ, सुळसुळ, माझ्या बोटावरून धावत. खांदा सैल पडला. "आते!" मी दाबलं. लांब, पार लांब, शिसं टुबकन आत गेलं, आणि काठापासून तिथपर्यंत एक सरळ रेघ पाण्यावर पडून राहिली.

"व्हयनं ना!" जमनाबाई वरून ओरडली आणि डोक्यावर टोपलं घेऊन निघून गेली. मासा त्या दिवशी लागला नाही, नंतर पुष्कळ लागले. चांगले भरलेले रोहू, गोठ्यामागच्या चुलीवर मीच रांधले, कढई कधी आत आणली नाही. त्यानंतरची सगळी वर्षं नाना पायी घाटावर जात राहिले, आधी माझ्या खांद्यावर, मग काठीवर.

पण मला जास्त आठवतं ते त्यानंतरचं थोडंसं. ऊन चढायला लागलं होतं. मी तंगूस ओढून घेतला आणि आता घरी निघू म्हणून फळी उचलली, तर नानांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाले, "आते तू टाक. मी मांडस."

मी म्हटलं, "नाना, एका हाताने कसं मांडाल?" त्यांनी बारदान आपल्या पुढ्यात ओढलं आणि उजव्या हाताने एकेक वेढा घालायला लागले, एक असा, एक उलटा, सावकाश. पण नदीवरून वारा सुटला होता. बारदानाची कड उडायची, वेढे सरकायचे. पुन्हा घालायचे, पुन्हा सरकायचे. मी धरायला वाकले तर त्यांनी मानेने नको म्हटलं. जरा थांबले. मग डाव्या हातावरचा टॉवेल काढून बाजूला टाकला, उजव्या हाताने तो हात मनगटाला धरून उचलला, सगळ्या घाटादेखत, आणि बारदानाच्या कडेवर ठेवून दिला. कड दबली. वेढे जागेवर राहिले.

शिशाचं टोक माझ्याकडे करत ते म्हणाले, "पक्कं शे. टाक."